केस्टरची लाइफबोट : गावाच्या वर्गणीवर चालणारं ठाणं आणि सरकारी पैसा

हर्णैची लेक

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की ब्रिटनसारख्या श्रीमंत देशात बुडणाऱ्या माणसाला वाचवायची बोट लोकांच्या वर्गणीवर का चालते? हे काम सरकारचं नाही का? दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं, म्हणून हा धागा.

माझं माहेर हर्णै. गेली चौदा वर्षं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफॉक परगण्यात राहते. केस्टर माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. दर उन्हाळ्यात मी लाइफबोटीसाठी दानपेटी घेऊन बाजारात उभी राहते, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगते.

केस्टर म्हणजे ग्रेट यार्मथच्या उत्तरेला लागून असलेलं गाव. किनारा दिसायला अगदी साधा, लांबच लांब वाळू. धोका आहे तो पाण्याखाली. स्क्रोबी, बार्बर आणि उत्तरेकडे हेझबरो असे वाळूचे दांडे समुद्रात बुडून आहेत आणि ते जागा बदलत राहतात. उधाणात गलबत त्यांवर चढलं की लाटा त्याला आपटून आपटून फोडत. न्यूकॅसलचा कोळसा लंडनला नेणारी गलबतं याच वाटेने जायची. त्यामुळे इथल्या किनाऱ्यावर एक वेगळाच व्यवसाय उभा राहिला. ‘बीचमेन’ म्हणवणाऱ्या लोकांच्या कंपन्या होत्या. उंच मचाणावर पाळीपाळीने टेहळणी करायची, दांड्यावर गलबत अडकलेलं दिसलं की होडी लोटायची, आणि गलबत किंवा माल सोडवून आणला की मालकाकडून मोबदला घ्यायचा. मोबदला मालाचा, माणसाचा नव्हे. तरी माणसं आधी उचलली जात. जीव वाचवणं आणि पोट भरणं एकाच होडीत बसलेलं होतं. आजच्या ‘निःस्वार्थ स्वयंसेवक’ या चित्रापेक्षा मला हे चित्र जास्त खरं वाटतं, कारण ते आपल्या कोळीवाड्यासारखं आहे.

केस्टरला पहिली लाइफबोट १८४५ मध्ये आली, नॉरफॉकमधल्या एका जहाजबुडी मदत मंडळाकडून. १८५७ मध्ये ते ठाणं आरएनएलआयकडे, म्हणजे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनकडे गेलं. बोट संस्थेची झाली, पण वल्ही मारणारे तेच बीचमेन राहिले.

१३ नोव्हेंबर १९०१ ची रात्र. बार्बर दांड्याकडून मदतीच्या मशाली दिसल्या. ‘बीचम’ नावाची लाइफबोट लोटायला गाव जमलं, पण लाटा तिला परत परत वाळूवर फेकत होत्या. ती पाण्यात उतरेपर्यंत कित्येक तास गेले. शेवटी निघाली, पण दांड्यापर्यंत पोचलीच नाही. किनाऱ्याजवळच उलटली आणि माणसं तिच्याखाली अडकली. बारा जणांपैकी नऊ गेले. किनाऱ्यावर जेम्स हेलेट उभे होते. वय ७८, बोटीवरच्या कामातून कधीच निवृत्त झालेले, रात्रभर ओल्या कपड्यांत. ते फुटत्या लाटांत शिरले आणि अडकलेल्यांना ओढून बाहेर काढलं. गेलेल्या नऊ जणांत त्यांचे दोन मुलगे होते.

नंतरच्या चौकशीत हेलेटना विचारलं गेलं, की बोट काम अर्धवट सोडून परत फिरली होती का? त्यांनी सांगितलं की मदतीची खूण दिसत असताना आमची माणसं हार मानून परतणारी नव्हेत. त्यावरून ‘केस्टरची माणसं माघारी फिरत नाहीत’ हे वाक्य वर्तमानपत्रांतून देशभर गेलं. आज गावातल्या एका पबचं नावच ‘नेव्हर टर्न बॅक’ आहे. हेलेटना संस्थेचं सुवर्णपदक मिळालं आणि ते राजा सातव्या एडवर्डने स्वतः दिलं.

आता १९६९ कडे येते, कारण पैशाचा खरा प्रश्न तिथे आहे. शेजारच्या ग्रेट यार्मथ आणि गोर्लस्टन ठाण्याला नवी वेगवान बोट मिळाली होती. एवढ्या जवळ दोन ठाणी कशाला, असा विचार करून आरएनएलआयने ऑक्टोबर १९६९ मध्ये केस्टरचं ठाणं बंद केलं. कागदावर हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. वर्गणीचा प्रत्येक पौंड दोनदा मोजावा लागतो. पण गावाने तो मान्य केला नाही. लोकांनी स्वतःची बचावसेवा काढली, पैसे जमवले आणि १९७३ मध्ये एक जुनी, संस्थेच्याच ताफ्यातून निघालेली लाकडी लाइफबोट विकत घेतली. १९९१ मध्ये नॉरफॉकमधले टर्कीपालन उद्योजक बर्नार्ड मॅथ्यूज यांच्या मदतीने नवी बोट आली. आत्ताची बोट त्यांच्याच नावाची दुसरी, नेदरलँड्समध्ये आखलेल्या जातीची. ठाणं अजूनही स्वतंत्र आहे. आरएनएलआयचं नाही आणि सरकारचंही नाही. तटरक्षकांचा निरोप आला की बोट जाते.

म्हणजे एका गावाने सरकारला तर सोडाच, देशातल्या सर्वांत मोठ्या लाइफबोट संस्थेलाही ‘तुमचा हिशेब तुमच्याकडे ठेवा’ असं सांगितलं आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ निभावून दाखवलं.

आता सरकारी पैशाबद्दल. तो कधीच नव्हता हा समज खरा नाही. १७८९ मध्ये टाइन नदीच्या मुखाशी ‘ॲडव्हेंचर’ नावाचं जहाज फुटलं. किनाऱ्यावर हजारो लोक बघत होते आणि कोणी काही करू शकलं नाही. त्यानंतर साउथ शील्ड्सच्या लोकांनी लाइफबोटीच्या आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली आणि हेन्री ग्रेटहेडने बोट बांधली. १८०२ मध्ये ब्रिटिश संसदेने ग्रेटहेडला १२०० पौंड दिले. हा सार्वजनिक पैसाच. पण एकदाच दिलेलं बक्षीस ते, दरवर्षीची जबाबदारी नव्हे.

पुढे आयल ऑफ मॅनवर राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी १८२३ मध्ये पत्रक काढलं आणि राष्ट्रीय संस्थेची मागणी केली. आरमाराकडून फारसा प्रतिसाद आला नाही, तेव्हा लंडनच्या व्यापाऱ्यांना आणि खासदारांना गाठलं. ४ मार्च १८२४ ला लंडनमधल्या एका खानावळीत सभा होऊन संस्था स्थापन झाली. सुरुवातीला पैसा आला, मग उत्साह ओसरला. हिलरी स्वतः वादळात उतरून माणसं वाचवत राहिले, तीन सुवर्णपदकं मिळाली, आणि १८४७ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत गेले. १८५४ मध्ये संस्थेने आजचं नाव घेतलं आणि त्याच वर्षी सरकारी अनुदानही घेतलं. ते १८६९ पर्यंत चाललं. मग संस्थेने आपण होऊन ते सोडलं. दोन गोष्टी झाल्या होत्या. सरकारी खात्याच्या अटी आणि कागद वाढले, आणि ‘सरकार देतंय ना’ म्हणून लोकांचे हात आखडले.

माझं मत याच पंधरा वर्षांवर बेतलेलं आहे. सरकारने बोटीला, इंधनाला, प्रशिक्षणाला हातभार लावावा, पण बोट कधी लोटायची आणि ठाणं कुठे असावं हे पैशाबरोबर सरकारच्या हाती जाऊ नये. तुम्हाला काय वाटतं?


देवगडकर

बरां लिवलात. ७८ वर्षांच्या त्या म्हाताऱ्याचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

पण एक विचारतो. आमच्याकडे लाइफबोट नाही, ठाणं नाही, दानपेटी नाही. तरी वादळात माणसं वाचतात ती कोणामुळे? शेजारच्या होडीमुळे. आमचं देवगड बंदर आसऱ्याचं बंदर आहे. दर्या खवळला की गुजरातपासूनच्या बोटी आत येतात. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा पूर्ण कोकणपट्टीत बोटी बेपत्ता होत्या, आणि शोधायला कोळीच गेले होते. तटरक्षक दल आहे, त्यांच्या मोठ्या बोटी आणि विमानं आहेत, त्यांचा १५५४ नंबर आमच्या प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, पाठ आहे. पण खडपाजवळ, कमी पाण्यात, पहिल्या तासाभरात जो पोचतो तो आमच्यातलाच कोणीतरी असतो.

माझ्या काकांनी काही वर्षांपूर्वी इंजिन बंद पडलेली एक बोट रात्रभर ओढून आणली. सात माणसं होती. त्यासाठी स्वतःची जाळी कापून टाकावी लागली, डिझेल गेलं ते वेगळंच. नंतर एका कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आलं नाही. तुम्ही म्हणता सरकारने ढवळाढवळ करू नये. आमच्याकडे सरकारने निदान दखल तरी घ्यावी, अशी स्थिती आहे.


जमाखर्च

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही.

‘स्वयंसेवक’ शब्द ऐकला की लोकांना वाटतं काम फुकट होतं. आरएनएलआयचा वर्षाचा खर्च दोनशे दशलक्ष पौंडांच्या घरात आहे. समुद्रात कोणत्याही हवेत जाणारी त्यांची एक ‘शॅनन’ जातीची बोट वीस लाख पौंडांहून महाग पडते. हा पैसा मुख्यतः मृत्युपत्रांतून येतो, म्हणजे मरताना लोक जे ठेवून जातात त्यातून. उद्या लोकांनी मृत्युपत्रात कुत्र्यामांजरांच्या संस्थेला पसंती दिली तर?

दुसरं उदाहरण देतो. लंडनमध्ये आगी विझवण्याचं काम एकेकाळी विमा कंपन्यांचं होतं. १८३३ पासून त्यांनी एकत्र येऊन दल चालवलं. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटची प्रचंड आग लागली, कंपन्यांनी हात वर केले, आणि १८६६ मध्ये ते काम सार्वजनिक झालं. आज कोणी म्हणत नाही की अग्निशमन दल वर्गणीवर चालावं, त्यात जास्त आत्मा असतो. मग समुद्र तेवढा वेगळा का? बुडणाऱ्या माणसाचा जीव शेजारच्या गावाला त्या वर्षी किती वर्गणी जमली यावर अवलंबून असू नये.

केस्टरला मॅथ्यूज भेटले. ज्या गावाला कोणी उद्योजक भेटला नाही, त्याचं काय?


हर्णैची लेक

@जमाखर्च, अग्निशमन दलाचं उदाहरण चांगलं आहे, मी त्यावर दोन दिवस विचार केला. फरक मला असा दिसतो. शहरात आग रोज कुठेतरी लागते, त्यामुळे पगारी माणूस बसवून ठेवणं परवडतं. आरएनएलआयची दोनशे अडतीस ठाणी आहेत आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे बोलावणं येत नाही. मग एका रात्री येतं आणि तेव्हा सहा-सात जाणती माणसं काही मिनिटांत हवी असतात. तेवढ्यासाठी तीनही पाळ्यांत पगारी माणसं ठेवायची तर खर्च कुठल्या कुठे जाईल. सुतार, शिक्षिका, दुकानदार खिशात पेजर घेऊन आपापलं काम करतात आणि वाजला की धावतात, म्हणून हे चालतं. जिथे आसपास वस्तीच नाही तिथे संस्थेनेही पगारी माणसं ठेवली. हंबर नदीच्या मुखाशी स्पर्न पॉइंटवर कित्येक दशकं पूर्णवेळ खलाशी होते.

पण तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते. १९८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये थेम्स नदीत ‘मार्शोनेस’ ही सहलीची बोट बुडाली, ५१ जण गेले. राजधानीच्या मधोमध. नंतरच्या चौकशीतून नदीवर कायमची बचावसेवा हवी हे ठरलं, आणि ती द्यायला पुढे कोण आलं? आरएनएलआय. २००२ पासून थेम्सवर त्यांची ठाणी आहेत आणि टॉवर ठाणं देशातलं सर्वांत जास्त वर्दळीचं आहे. संसदेच्या दारातली नदी सांभाळायलासुद्धा वर्गणी. तिथे मात्र मला तुमच्यासारखंच वाटतं.

@देवगडकर, काकांना माझा नमस्कार सांगा. तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, जरा वेळ द्या.


पाणकावळा

मी रॉटरडॅमजवळ राहतो. इथलंही सांगतो. डच लाइफबोट संस्थाही १८२४ चीच, नोव्हेंबरमधली. तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमची एक आणि रॉटरडॅमची एक अशा दोन संस्था झाल्या, एकमेकींशी न पटणाऱ्या शहरांच्या. १९९१ मध्ये एकत्र आल्या. सरकारी अनुदान घेत नाहीत. जर्मनीत १८६५ पासून ब्रेमेनची संस्था आहे, तीही देणग्यांवर. जर्मन खानावळींत गल्ल्यावर छोट्या होडीच्या आकाराची दानपेटी ठेवलेली असते, ती प्रथा १८७५ पासूनची. माझ्या मुलाने त्या होडीत टाकलेलं नाणं हे त्याचं आयुष्यातलं पहिलं दान.

केस्टरच्या बोटीची जात आमच्याकडची हे वाचून आनंद झाला.


रोन नदीकाठी

फ्रान्समध्ये वेगळं आहे. इथली बचावसंस्था एसएनएसएम १९६७ मध्ये जुन्या दोन संस्था मिळून झाली. खलाशी स्वयंसेवक, पैसा बराचसा देणग्यांचा, पण सरकार आणि स्थानिक परिषदाही वाटा उचलतात. ७ जून २०१९ ला ले साब्ल दोलोन बंदरातून वादळात एका मासेमारी बोटीला शोधायला गेलेली लाइफबोट उलटली, तीन स्वयंसेवक गेले. त्यानंतर देशभर चर्चा झाली की या लोकांच्या जिवावर आपण किती स्वस्तात निभावतो, आणि सरकारने मदत वाढवली. माणसं गेल्याशिवाय ती वाढली नाही, याचं मला वाईट वाटतं.


रेवसपलीकडे

हा धागा वाचताना मला ‘रामदास’ आठवत राहिली. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, मुंबईला कळायला दुपार उलटून गेली. आणि जे वाचले त्यांतले बरेच जण रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी वाचवले. मासळी समुद्रात टाकून माणसं भरली, असं आमच्याकडे सांगतात.

माझे आजोबा त्या मचव्यांपैकी एकावर होते. मी लहान असताना त्यांना विचारलं होतं, किती जणांना काढलंत? ते म्हणाले, मोजले नाहीत. त्यांच्या मचव्याचं नाव कुठल्या कागदावर आहे का हे मी पुढे शोधलं. मिळालं नाही. तुमच्या हेलेटना राजाने पदक दिलं. माझ्या आजोबांना काही मिळावं अशी त्यांची इच्छाही नव्हती, पण मला वाटतं, नोंद तरी हवी होती.


हर्णैची लेक

@रेवसपलीकडे, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा रात्र झाली होती. मी तो नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

नोंदीवरून सांगते. इथल्या लाइफबोटीच्या जुन्या ठाण्यांत शिरलं की भिंतीवर लाकडी पाट्या दिसतात, देवळात देणगीदारांच्या असतात तशा. पण त्यांवर देणगीदार नसतात. तारीख, अडकलेल्या गलबताचं नाव आणि किती जीव वाचवले, एवढेच रकाने. ‘१८ जण’, ‘एक होडी वाचवली’, ‘काही सापडलं नाही’ असंही लिहिलेलं असतं. या पाट्यांचा पैशाशी थेट संबंध आहे. वर्गणी मागायला जाताना संस्था हेच दाखवत आली : आम्ही इतक्यांदा गेलो, इतके परत आणले.

सार्वजनिक वर्गणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली तीही एका दुर्घटनेतून. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘मेक्सिको’ नावाच्या जहाजाला वाचवायला तीन लाइफबोटी गेल्या. सेंट ॲन्सच्या बोटीवरचे तेराही जण गेले, साउथपोर्टच्या सोळांपैकी चौदा. एका रात्रीत सत्तावीस. जहाजावरच्या बाराही जणांना तिसऱ्या, लिदमच्या बोटीने सुखरूप आणलं. मागे राहिलेल्या बायकापोरांसाठी पैसा जमवताना सेंट ॲन्सला राहणारे गिरणीमालक चार्ल्स मकारा यांच्या लक्षात आलं की संस्थेची देणगी मोजक्या श्रीमंतांकडून येते. त्यांनी १८९१ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर ‘लाइफबोट सॅटर्डे’ भरवला. मिरवणुकीत खरीखुरी लाइफबोट आणि खलाशी, लोक गर्दी करून डबे भरत होते, वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून पैसे घेता यावेत म्हणून लांब काठ्यांना पिशव्या बांधलेल्या. रस्त्यावर उभं राहून सर्वसामान्यांकडून धर्मादाय पैसा गोळा करण्याची प्रथा तिथून रुजली. मी बाजारात पेटी घेऊन उभी राहते ती त्या गिरणगावाच्या परंपरेत.

पुढे १८९७ मध्ये संसदेच्या समितीने संस्थेची चौकशी केली, कारभारावर बरेच आरोप झाले होते. समितीने संस्थेला निर्दोष ठरवलं. सरकारने ताबा घेतला नाही.


जमाखर्च

म्हणजे सत्तावीस माणसं मेल्यावर पैसा आला. फ्रान्समध्ये तीन मेल्यावर. हीच तर माझी तक्रार आहे. देणगी भावनेवर येते आणि भावना अपघातानंतर जागी होते. करातून आलेला पैसा कंटाळवाणा असतो, पण तो दर एप्रिलला येतो.


हर्णैची लेक

हे खरं आहे आणि मी नाकारत नाही. तुमच्या म्हणण्याला जोड म्हणून पेनलीची गोष्ट सांगते. १९ डिसेंबर १९८१. कॉर्नवॉलमधल्या माउझल गावातून ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी लाइफबोट ‘युनियन स्टार’ जहाजाकडे गेली. निघताना कॉक्सन, म्हणजे बोटीचे प्रमुख, ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी एका तरुणाला बोटीवर घेतलं नाही, कारण त्याचे वडील आधीच बोटीत बसले होते. एका घरातले दोघे नकोत. चार जणांना जहाजावरून उतरवल्याचा निरोप आला आणि मग संपर्क तुटला. लाइफबोटीचे आठही आणि जहाजावरचे आठ, कोणी परत आलं नाही. मागे थांबवलेला तो मुलगा पुढे त्याच ठाण्याचा कॉक्सन झाला.

लोकांनी त्या कुटुंबांसाठी तीस लाख पौंडांच्या आसपास जमवले. आणि तेव्हा सरकारने त्या पैशावर कर लावायचा विचार केला. देशभर संताप उसळला आणि तो विचार मागे पडला. सरकारी पैशाबद्दल मी सावध आहे ती यामुळे.

तरी सरकारने काहीच करू नये असं मी मुळात म्हटलेलंच नाही. इथे लाइफबोटीवर मूल्यवर्धित कर लागत नाही, ही मोठी आणि न दिसणारी मदत आहे. आणि २०१४ मध्ये सरकारने बचाव बोटींसाठी वेगळा निधी काढला, वर्षाला दहा लाख पौंड, पाच वर्षांसाठी. तो आरएनएलआयसाठी नव्हे, केस्टरसारख्या छोट्या स्वतंत्र ठाण्यांसाठी आणि नद्यातलावांवरच्या पथकांसाठी. अर्ज करायचा, नवं इंजिन घ्यायचं, पाण्यात अंग कोरडं ठेवणारे पोशाख घ्यायचे. बोट कधी न्यायची हे सांगायला कोणी येत नव्हतं. मला हवा आहे तो सरकारी पैसा असा. तो पाच वर्षांपुरता न राहता कायमचा असावा, हे तुमचं म्हणणं मात्र मी आता मान्य करते.


सिंधुफेस

एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून लिहिते. २०२१ च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीतून रबरी होड्यांतून येणाऱ्या स्थलांतरितांना वाचवल्याबद्दल आरएनएलआयवर जाहीर टीका झाली. संस्थेने उत्तर दिलं की आम्ही बुडणाऱ्याला वाचवतो, तो कोण हे विचारत नाही. आणि एका दिवसात दोन लाख पौंडांहून जास्त देणगी आली. जर संस्था पूर्णपणे सरकारी पैशावर असती तर इतक्या ठामपणे बोलता आलं असतं का? मला शंका आहे. @जमाखर्च, करातला पैसा एप्रिलला येतो, पण निवडणुकीनंतर बंदही होतो.


मांडवीकाठ

गोव्याचं थोडक्यात. आमच्याकडे २००८ पासून राज्य सरकारने किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले, खासगी कंपनीमार्फत, पगारी. त्याआधी दर मोसमात पर्यटक बुडायचे. फरक पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ते काम किनाऱ्यावरचं, अंघोळीला उतरलेल्यांसाठी. खोल पाण्यात रात्री अडकलेल्या ट्रॉलरला त्यांचा उपयोग नाही. तिथे पुन्हा देवगडकर म्हणतात तेच, शेजारची होडी. दोन्ही कामांना एकच नाव देऊन निधीची चर्चा केली की गोंधळ होतो.


हर्णैची लेक

@मांडवीकाठ, बरोबर. इथेही किनाऱ्यावरचे जीवरक्षक पगारी असतात आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग स्थानिक परिषदा देतात. बोटीचा हिशेब वेगळा.

@देवगडकर, आता तुमचा प्रश्न. मी हर्णैची आहे, त्यामुळे केस्टरची नक्कल कोकणात करा असं म्हणणार नाही. तिथे वर्गणी देणाऱ्याच्या घरी दोन गाड्या आहेत. आपल्याकडे जो वाचवायला जातो तोच सर्वांत कमी पैशातला. त्याच्याकडून ‘स्वयंसेवा’ मागणं अन्याय आहे, कारण ती तो आधीच करतोय, जाळी कापून. आपल्याकडे पहिला सार्वजनिक पैसा नव्या बोटीवर नव्हे, तर काकांच्या डिझेलवर आणि जाळ्यावर खर्च व्हावा. मच्छीमार संस्थांमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळण्याची पद्धत महाराष्ट्रात आहेच, तो उशिरा मिळतो ही ओरड मी लहानपणापासून ऐकत आले. त्याच वाटेने बचावासाठी जाळलेलं डिझेल भरून का मिळू नये? संस्थेचा दाखला, तांडेलाची सही, तटरक्षक दलाकडे झालेल्या निरोपाची वेळ. एवढा कागद पुरे व्हावा.

पण कागदासाठी आधी नोंद लागते. केस्टरच्या माणसांकडे पैसा नव्हता तेव्हाही ती होती.


जमाखर्च

यावर माझा काहीच आक्षेप नाही. परताव्याचा अर्ज कसा असावा याचा मसुदा करून देतो. विमा कंपनीने बचावात झालेलं नुकसान कसं धरावं याचंही कलम त्यात हवं. @देवगडकर, तुमच्या संस्थेच्या सध्याच्या परताव्याच्या अर्जाचा नमुना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


देवगडकर

नमुना पाठवला. काकांनाही हा धागा वाचून दाखवला. हेलेटचं ऐकल्यावर म्हणाले, त्याचे झिल गेले आणि तो दुसऱ्यांका काढीत रवलो. नंतर बराच वेळ बोलले नाहीत.

काल संस्थेच्या बैठकीत विषय काढला. अनुदानाचं नाव काढताच दोघे-तिघे उठून गेले, आश्वासनं ऐकून लोक कंटाळलेत. उरलेल्यांनी नोंदवहीला होकार दिला. सध्या पावसाळी मासेमारीबंदी आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, तोवर आठवतील तेवढ्या जुन्या नोंदी करायच्या असं ठरलं. आज सकाळी बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि काकांनी रकाने सांगितले. तारीख. होडी कोणाची. माणसं किती. तुमच्या पाटीवर असतात ते एवढे. आम्ही आणखी दोन आखले : डिझेल किती लिटर, जाळी गेली का.

@रेवसपलीकडे, वही देवगडची आहे, पण पहिलं पान आम्ही कोरं सोडलंय. आजोबांच्या मचव्याचं नाव कळवा.


रेवसपलीकडे

आईला विचारलं. मचव्याचं नाव तिला माहीत होतं, मी कधी तिला विचारलंच नव्हतं. व्यनि केला आहे. माणसांच्या रकान्यात ‘मोजले नाहीत’ असंच लिहा.